सासुरवाडीची मोटर

सासुरवाडीच्या बोअरमधली मोटर जावयानं काढायला जाऊ नये. निघाली तर कौतुक दोन दिवसांचं, आत पडली तर टोमणे जन्मभराचे. पण धनाजीचा धंदाच मोटरी काढण्याचा, आणि अणदूरहून सासूबाईंचा, म्हणजे धुरपताबाईंचा फोन आला तोच असा, की नाही म्हणायची सोय उरली नाही.

"जावईबापू, उद्या धाकटीची, अक्षदाची हळद. पाव्हणं यायलेत आन मोटर बंद. आता अब्रू तुमच्या हातात हाय."

धनाजीच्या टोळीत तिघे. बलभीमला धीर म्हणून नव्हता. दुसऱ्यांनी चहाला फुंकर घालेपर्यंत त्याचा कप विसळून झालेला असे. मल्लिनाथचा जगात कशावरच विश्वास नव्हता; स्वतः मारलेली गाठही तो परक्यानं मारल्यासारखी ओढून बघे. आणि वयानं थोरले माणिकप्पा बोलत. काम असताना बोलत, नसताना तर बोलतच. तिघेही बलभीमसारखे असते तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, असं धनाजीला फार दिवस वाटत होतं. बलभीमच्या दोन चुलतभावांना त्यानं सोमवारपासून यायला सांगूनही ठेवलं होतं. मल्लिनाथ आणि माणिकप्पांना एवढं अणदूरचं काम उरकलं की 'आता येऊ नका' म्हणून सांगायचं होतं.

खोल बोअरमधला काळा, अखंड पाईप काढायचा म्हणजे एकानं तो खांद्यावर घेऊन गल्लीतून पळत सुटायचं आणि बाकीच्यांनी मागून रेटायचं. मोटरीला एक दोरही बांधलेला असतो, तो पाईपाबरोबर वर येत राहतो. मल्लिनाथ थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांना थांबवून त्या दोराचा वेढा बोअरशेजारच्या कडुनिंबाला घालत होता.

"राहू दे की ते," धनाजी हळूच म्हणाला. "सासू बघायलीय. जावयाचा पाईपावर भरवसा न्हाय म्हणंल."

"न्हायच भरवसा," मल्लिनाथ म्हणाला.

"दोर सोड आन वढायला लाग. आन माणिकप्पा, तुमी आज तोंड मिटून ऱ्हावा. सासुरवाडी हाय माझी."

मल्लिनाथ "व्हय" म्हणाला. माणिकप्पांनी मान डोलावली आणि डोलावता डोलावता शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्याला त्याचं गाव विचारलं. नवा सदरा मळू नये म्हणून धनाजीनं तो काढून फांदीला अडकवला.

बलभीम पाईप घेऊन सुटला. मांडवातून गेला, वळणावरून गेला आणि न थांबता समोर दिसलेल्या अंगणात घुसला. ते अंगण विठाबाईचं. सांडपाण्याच्या भांडणापासून विठाबाई आणि धुरपताबाई एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. बाजेवर विठाबाईच्या कुरडया वाळत होत्या. पाईपानं बाज उलटली. विठाबाईनं एकदा कुरडयांकडे बघितलं, पदर खोचला आणि ती सरळ पाईपावर बसली.

"आता वढा," ती म्हणाली.

बोअरजवळ उभ्या असलेल्या धनाजीला हे काही दिसत नव्हतं. पाईप अडकला एवढंच त्याला कळलं. "बलभीम, जोर लाव," तो ओरडला. बलभीमला तेवढंच हवं होतं. त्यानं असा हिसका दिला की विठाबाई बसल्या जागी फिरली आणि बोअरमधून पाईपाचं खालचं तोंड रिकामंच बाहेर आलं. मोटर पाईपाला धरून ठेवणारी क्लिप गंजलेली होती. मोटर खाली गेली होती.

मोटर तळाशी अडकली की बोअर गेलं. उद्याच्या हळदीत नवरीपेक्षा जास्त लोक आपल्याकडेच बघणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. एवढ्यात दोर सर्रकन सरकला, कडुनिंब हादरला आणि दोर ताठ झाला.

"सोड म्हणलं हुतं ना तुला?"

"म्हणला हुता की, मालक," मल्लिनाथ म्हणाला. "तुमच्या म्हणण्यावरबी भरवसा न्हाय मला."

धनाजीला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण सासू बघत होती. शिवाय वेळही नव्हता. बोअरच्या तोंडाशी असलेल्या केसिंगच्या नळीच्या धारेवर घासून दोराचे पीळ एकेक तुटायला लागले होते. काय करावं याचा विचार धनाजी सुरू करतो तोवर बलभीम पळत आला, हाताला लागलं ते कापड त्यानं दोराखाली कोंबलं आणि दोर वाचला. कापड म्हणजे धनाजीचा नवा सदरा होता.

आता नुसत्या दोरानं एवढी जड मोटर वर ओढायची कुणी? घरचे बाप्ये तुळजापूरला बाजाराला गेलेले. तेवढ्यात गल्लीतून माणिकप्पांचा आवाज आला. पाईप कुठं अडकला ते बघायला गेलेले ते बोलत येत होते, शेजारी विठाबाई, आणि मागे तिची धिप्पाड पोरं.

"हिचं माहेर परंडा," माणिकप्पा म्हणाले, "आन माझी चुलतीबी तिथलीच. नातंच निघालं की ओ."

"कुरडया काय, परत घालीन," विठाबाई म्हणाली. "पोराहो, दोराला हात लावा. पोरीची हळद हाय."

धुरपताबाईंनी आत जाऊन चहाचं मोठं पातेलं ठेवलं.

मोटर वर आली. केबलचा जोड तेवढा जळाला होता. तो नव्यानं करून, नवी क्लिप लावून मोटर परत सोडली आणि दिवस मावळायच्या आत हौदात पाण्याची धार पडली. धनाजीनं त्या पाण्यानं आधी आपलं तोंड धुतलं. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला वाटत होतं.

"जावईबापू लई धोरणी," धुरपताबाई विठाबाईला सांगत होत्या. "दोर बांधायला लावला म्हणून निभावलं." धनाजीनं ते चहाबरोबर गिळलं. मल्लिनाथ आपल्या कपाचा कान हलवून बघत होता.

परत निघाल्यावर टेम्पोत बसल्या बसल्या धनाजीनं बलभीमच्या चुलतभावांना फोन लावला. "सोमवारी येऊ नका. माणसं पुरी हायत," एवढंच तो बोलला. तिघांनीही ते ऐकलं.

थोडं अंतर गेल्यावर धनाजीच म्हणाला, "बलभीम पळतो, मल्लिनाथ बांधतो, माणिकप्पा बोलत्यात. मग ह्या टोळीत माझं काम काय रं?"

मल्लिनाथनं उत्तर मनात नीट ओढून बघितलं आणि मग दिलं.

"तुमी चुकता, मालक. त्याबिगर आमी तिघं कशाला लागलो असतो?"

धनाजीनं रागवायचं ठरवलं होतं, पण हसू आधी आलं.