इन्स्पेक्टरांचं नाक उघडतं

इन्स्पेक्टरांनी एका सकाळी नाकात थेंब घालायचे नाहीत असं ठरवलं. एवढंच ठरवलं होतं बिचाऱ्यांनी. त्यापायी अख्खी इमारत जिने उतरून अंगणात येईल, हे त्यांना काय ठाऊक!

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, गॅस कंपनीतले. घरोघर जाऊन पाइपातून गॅस कुठे गळतोय ते शोधायचं, हे त्यांचं काम. आणि ज्या माणसाचं नाक तिखट हवं, त्याचंच कित्येक वर्षं बंद होतं. एक नाकपुडी चोंदलेली, दुसरी वाहती. दुपारनंतर दोघी ड्यूटी बदलायच्या.

तरी त्यांचं कुठे अडलं नव्हतं. गळती मोजायचं मशीन होतं, आणि त्याहून भारी अशी त्यांची स्वतःची युक्ती होती. दारात पाऊल टाकताच ते घरच्या बाईंचा चेहरा बघत. चेहरा वाकडा झाला, की गॅस आहे. (जितका वाकडा, तितकी गळती मोठी, असा त्यांचा हिशोब.) शिवाय कामसू म्हणूनही त्यांचा लौकिक होता. गॅसला मूळचा वास नसतो; गळला तर कळावा म्हणून कंपनी त्यात कुजक्या कांद्यासारखा वास मिसळते. तो वास भरलेल्या टाकीपाशी काम करायला बाकीचे नाक मुरडत. इन्स्पेक्टर खुशाल पुढे होत.

प्रश्न फक्त वार्षिक परीक्षेचा होता. बाटल्या हुंगून गॅसचा वास कशात आहे ते सांगायचं. जुने साहेब मोठे मायाळू. इन्स्पेक्टर आत आले, की लगबगीने खिडकी उघडत आणि लांबूनच "पास, पास!" म्हणून हात हलवत. पण आता नवीन मॅडम आल्या होत्या, आणि त्या म्हणे प्रत्येक बाटली हुंगायला लावणार होत्या. नापास झालं तर बदली बिलाच्या खिडकीत. आणि इन्स्पेक्टरांना तर ती खिडकी नकोच होती. पाना, पिशवी, परकी स्वयंपाकघरं आणि "बरं झालं बाई तुम्ही आलात" म्हणणारी माणसं, यांवर त्यांचा जीव होता.

शेवटी बायकोने त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं.

"हे थेंब कधीपासून घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"माझ्याकडे काय बघता?" बायको म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "थेंब घातले की नाक उघडतं. त्यांचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग तुम्ही पुन्हा थेंब घालता. हे थेंब चार दिवसांसाठी असतात, जन्मभरासाठी नाही. आता नाक बंद आहे ते त्यांच्यामुळेच."

इन्स्पेक्टर हबकले. ज्याला पहारेकरी म्हणून ठेवलं, तोच दाराला कडी घालत होता!

मग थेंब बंद झाले. त्याऐवजी डॉक्टरांनी दुसरा फवारा दिला, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवायला सांगितले आणि उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. मान वाकडी करायची, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून बाहेर येतं. पहिल्या दिवशी इन्स्पेक्टरांच्या नाकातलं पाणी तोंडात आलं, कानात गेल्यासारखं वाटलं. ठरलेल्या वाटेने काही गेलं नाही.

"बोलू नका म्हटलं होतं ना?" बायको ओरडली.

"मी कुठे बोल—" म्हणता म्हणता उरलेलं पाणी आरशावर गेलं.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. इन्स्पेक्टरांनी चोरून थेंबाची बाटली गाठायचा प्रयत्न केला, तर घड्याळामागची नाहीशी झालेली, बुटातली गायब, अवजारांच्या पिशवीतलीही पळवलेली. गळती शोधणाऱ्याच्या घरात बायकोच जास्त पक्की निघाली.

आणि मग एका सकाळी नाक उघडलं. दोन्हीकडून हवा सरळ आत! साबणाचा वास आला, धुतलेल्या चादरीचा आला. बायको शेजारून गेली तसा एक गोडसर, मंद वास आला.

"अगं, तू केसांना तेल लावतेस?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, आणि लाजून दूध आणायला खाली गेली. इन्स्पेक्टरांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं काय काय हुकलं आपलं!

त्याच आनंदात त्यांनी बाल्कनीतून कामाचा कोट काढला, अंगात घातला, आणि जागच्या जागी थिजले.

गॅस!

काही म्हणा, माणूस कामाला पक्का. त्यांनी मुख्य चावी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मशीन काढलं, तर ते शून्य दाखवत होतं. "मशीनला सर्दी झालीय!" म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. जिन्यात आले, तिथेही वास. खालच्या मजल्यावर वास. त्याच्या खालीही वास! घंटा न वाजवता दारं ठोठावत ते ओरडत सुटले, "बाहेर पडा! सगळी इमारत गळतेय!"

लोक होते तसे उतरले. सेक्रेटरी काका अर्ध्या दाढीच्या फेसासकट आले. कंपनीची गाडी आली, आणि गाडीतून खुद्द मॅडम उतरल्या. त्यांनी आपल्या मशीनने सगळे मजले तपासले. सगळीकडे शून्य.

"पण मॅडम, इथे अंगणातसुद्धा येतोय वास!" इन्स्पेक्टर कळवळून म्हणाले.

मॅडम जवळ आल्या. नाक वर केलं. आणखी जवळ आल्या, आणि पटकन दोन पावलं मागे सरकल्या.

इतक्यात दूध घेऊन बायको आली. तिने गर्दी पाहिली, कोट पाहिला, आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा कोट घालून प्रत्येक मजल्यावर फिरलात? म्हणून तर मी तो बाल्कनीत ठेवते! टाकीचा वास आहे तो!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला येतच नव्हता. उगाच मन कशाला दुखवायचं?"

सेक्रेटरी काका फेस पुसत म्हणाले, "आम्हालाही येत होता वास. पण तो रोजच येतो. आम्ही म्हटलं, इन्स्पेक्टर कामाला निघाले."

सगळे हसले. इन्स्पेक्टरांना वाटलं, झालं, बिलाची खिडकी! पण मॅडम हसल्या नाहीत. "मशीन ज्याला शून्य म्हणतं, तो वास यांनी उघड्या अंगणात पकडला. नियमाप्रमाणे लोकही बाहेर काढले. यांची परीक्षा झाली. पास!"

अंगणात टाळ्या पडल्या. इन्स्पेक्टर शब्दशः नाक वर करून जिना चढले. प्रत्येक पायरीवर नवा वास, प्रत्येक श्वास मोकळा. आयुष्यात इतकं ताठ ते कधी चालले नव्हते.

दाराशी मात्र ते थबकले. त्यांना जुने साहेब आठवले, ती उघडणारी खिडकी आठवली. मग एकेक करून त्या सगळ्या बायका आठवल्या.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मी दारात पाऊल टाकताच लोकांचे चेहरे वाकडे व्हायचे, ते..."

"कोट आधी बाहेर काढा," बायको म्हणाली, "मग आत या."