काळ्या शाईचा सोमवार

“मौन म्हणजे मौन. लिहून सांगितलं, तरी ते बोलणंच झालं. अन् सोवळ्यात असताना दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई.”

उमाच्या आईनं हे सांगून किती वर्षं झाली, तरी दर सोमवारी पहाटे आंघोळ करून उठताना तो आवाज उमाच्या कानात यायचा आणि तिचं तोंड आपोआप मिटायचं. ते उघडायचं थेट संध्याकाळी, पूजा होऊन कहाणी वाचून झाली की. आज तर सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. उमा सोवळं नेसून गॅससमोर उभी होती, चुरम्याची कणीक तुपात भाजत होती, आणि आतल्या खोलीतून येणारी कुरकुर ऐकत होती. ती कुरकुर प्रिंटरची होती. तिच्यावर अधूनमधून चढणारा आवाज श्रीपतीचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा.

प्रिंटर काळं छापत नव्हता, आणि आज काळंच लागणार होतं.

समोरच्या तुळजाबाई जन्मभर दुसऱ्यांनी वाचलेल्या कहाण्या ऐकत आल्या होत्या. उतारवयात नातीकडून अक्षरं शिकल्या, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यांच्या मनात आलं की देवासमोर एकदा तरी आपण स्वतः वाचावं. पोथीतली बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती. ठळक, काळीभोर आणि बोराएवढी असली तरच लागायची. हे कळल्यावर श्रीपतीनं चार बायकांदेखत छाती पुढे काढून सांगितलं होतं, “मावशी, उद्यापनाची कहाणी तुम्हीच वाचायची. मी छापून देतो. माझा शब्द हाये.” तुळजाबाईंनी ही गोष्ट त्यानंतर भोकरदनमध्ये कुणाला सांगायची बाकी ठेवली नव्हती. लेकी-जावयांना फोन झाले होते.

शनिवारी श्रीपतीनं कहाणी टाईप केली आणि छापायला घेतली, तर कोरा कागद बाहेर आला. त्यात नवल नव्हतं. शुभकार्यात काळं नको म्हणून त्या घरातलं सगळं कुंकवाच्या रंगात छापलं जायचं. हळदीकुंकवाची आमंत्रणं लाल, भजनी मंडळाच्या चिठ्ठ्या लाल, पाण्याच्या टाकीवर लावलेली ‘नळ बंद करावा’ ही सूचनासुद्धा लाल. काळ्या शाईला वर्षभर कुणी विचारलं नाही, ती बसल्या जागी वाळून गेली.

शेजारच्या मैमूनाआपांच्या घरवाल्यांनी साधा उपाय सांगितला की पेठेत झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. श्रीपतीला ते लागलं. घरात मशीन असताना लोकांच्या दारात जायचं काय? रविवारी तो एसटीनं जालन्याला गेला आणि काळ्या शाईची नवीन डबी घेऊन आला. सील तोडलं तर वापस घेणार नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं.

हे त्याला बजावायची काहीच गरज नव्हती. श्रीपती नव्या वस्तूवरचं काहीच काढत नसे. फ्रीजवरची प्लास्टिकची झिल्ली फ्रीजच्या वयाची होती. रिमोट पिशवीत होता आणि सोफा प्लास्टिकमध्ये, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा उठला की आवाज व्हायचा. “काढलं की चीज जुनी होते,” एवढंच तो म्हणायचा.

तर सोमवारी सकाळी रजा टाकून त्यानं नवीन डबी बसवली. कागद कोरा. संगणकावर साफसफाईचं बटण होतं, ते दाबलं. प्रिंटर घरघरला, कण्हला, शांत झाला. कागद कोरा. मग त्यानं मोठ्या साफसफाईचं बटण दाबलं, आणि ते दाबतच राहिला. चिकाटीत तो कुणाला हार जाणारा नव्हता.

“शाई आहे, मशीन चालू आहे, मंग अडून काय राह्यलंय?” असं म्हणत त्यानं डबी बाहेर काढली आणि उजेडात बघायला स्वयंपाकघराच्या दाराशी आला. तेव्हा उमाला दिसलं. डबीवर पिवळी पट्टी होती. तिचं शेपूट बाहेर लोंबत होतं, ओढा म्हणून सांगितल्यासारखं. ती तशीच राहिली तर आत हवा जाणार नव्हती आणि शाई खाली उतरणार नव्हती.

बोलता येत नव्हतं. लिहिता येत नव्हतं. सोवळ्यात डबीला हातही लावता येत नव्हता. उमानं टोपल्यातला उकडलेला बटाटा उचलला, त्याच्याकडे दाखवला आणि सावकाश, डोळे मोठे करून, त्याची साल ओढली.

श्रीपतीनं मान डोलावली. “एवढंच ना? सांगायचं मंग आधी.” त्यानं डबी खिशात ठेवली, हात धुतले, मांडी घातली आणि सगळे बटाटे सोलून दिले. उठताना तो समाधानानं म्हणाला, “तुझं काम झालं, आता मला माझं करू दे.”

उमानं देवाकडे पाहिलं. मग तिनं सांडशी घेतली, फ्रीजपाशी गेली, झिल्लीचा कोपरा सांडशीत धरला आणि सर्रकन खाली ओढला.

श्रीपती जागच्या जागी थिजला. “अगं, त्यानं तुझं काय बिघडवलं?”

तिनं सांडशी आता त्याच्या खिशाकडे रोखली आणि एक पाऊल पुढे टाकलं. उपासानं बायकोचं डोकं फिरलं असावं अशी श्रीपतीची खात्री झाली. डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून तो सोफ्यावर चढला.

मैमूनाआपा त्याच वेळी बेलाची पानं घेऊन आल्या. बेलाचं झाड त्यांच्या अंगणात होतं, आणि उमाच्या एकाही सोमवारी ती पानं चुकली नव्हती. दारातून त्यांना दिसला सोफ्यावर उभा असलेला गृहस्थ आणि सांडशी घेतलेली त्याची बायको. त्यांनी उमाकडे पाहिलं. उमानं दोन बोटांनी हवेतलं काहीतरी चिमटीत धरून ओढलं.

“भाईसाब,” त्याच्या हातातल्या डबीकडे पाहत आपा म्हणाल्या, “वो पीली पट्टी तो निकालो पहले.”

श्रीपतीनं त्यांना समजावलं की ते सील आहे, काढलं तर दुकानदार वापस घेणार नाही, आणि मशीनचाच दोष निघाला तर खर्चा पाण्यात. आपांनी ऐकून घेतलं आणि त्यालाच फोन लावा म्हणाल्या. फोन लागला. दुकानदार अगदी हळू आवाजात म्हणाला, “साहेब, सील खोक्याचं म्हणलो होतो मी. पट्टी नाही काढली तर शाई येईल कुठून?”

श्रीपतीनं पट्टी ओढली. इतका वेळ कोंडलेली शाई एकदम उसळली, बोटांवर आली, मनगटावरून ओघळली आणि सोफ्यावर ठिपकली. त्यानं फडक्यानं प्लास्टिक पुसलं. खालचं कापड स्वच्छ होतं. एवढ्या सगळ्यातही त्यानं उमाकडे अशी नजर टाकली की जणू ते प्लास्टिक त्यानं याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

डबी बसली. कागद सरकला. ‘सोमवारची कहाणी’ एवढी अक्षरं उमटली, काळीभोर, बोराएवढी, बघत राहावं अशी. आणि प्रिंटर थांबला. पडद्यावर आलं की पिवळी शाई संपली आहे.

“काळं छापायला पिवळं कशाला पाहिजे?” श्रीपतीनं विचारलं. हे त्यानं आपांना विचारलं, उमाला विचारलं, शेवटी प्रिंटरलाही विचारलं. लाल रंग पिवळी शाई मिसळूनच होतो; वर्षभराच्या कुंकवाच्या रंगानं ती आधीच अर्धी केली होती, उरलेली सकाळपासूनच्या साफसफाईनं पिऊन टाकली होती. आणि ती मिळाल्याशिवाय पुढचं पान द्यायचं नाही, यावर प्रिंटरही श्रीपतीइतकाच ठाम होता.

आता त्यानं मान खाली घातली, पेनड्राइव्ह काढला आणि पेठेत गेला. झेरॉक्सवाल्यानं कॉम्प्युटर सुरू केला आणि पेठेतली लाईट गेली. तारेवर काम सुरू होतं, रात्रीशिवाय येणार नव्हती. इन्व्हर्टर होता, पण तो पंख्यापुरता. पुढच्या गल्लीतलं दुकान बंद होतं. जालन्याला जाऊन यायचं तर पूजा आटपून पाहुणे घरी गेले असते.

तो परतला तेव्हा तुळजाबाई येऊन बसल्या होत्या, बोलावलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी. नवीन चष्मा, इस्त्रीचं लुगडं, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. मांडीवर हात ठेवून त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या.

“श्रीपती, कागद दे की रे. एकदा नजरेखालून घालते. समद्यांसमोर अडले तर कसं व्हईल?”

“निघून राह्यलाय, मावशी.”

“मशीनचा आवाज तर येईना.”

“नवीन हाये ती. आवाज न्हाई करत.”

तुळजाबाईंनी मान हलवली. त्यांना ते बराबर वाटलं. “मला काल झोपच न्हाई बघ,” त्या हसून म्हणाल्या. “शाळेत जायचं असल्यावानी झालंय.”

श्रीपतीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग आतल्या खोलीत गेला. त्याच्यामागे दार लागलं, पण घरघर सुरू झाली नाही, बडबडही नाही. चुरमा गार करायला ठेवून उमानं फटीतून पाहिलं.

तो खिडकीशी बसला होता. पाटावर उमाची पोथी उघडी होती, शेजारी कोरे कागद, आणि हातात जाड काळा मार्कर. त्याचं अक्षर ऑफिसात कुणाला लागत नसे. पट्टी लावून त्यानं आधी ओळी आखल्या. मग पोथीतला पहिला शब्द पाहिला, बोटांची काळी टोकं लुंगीला पुसली, श्वास धरला आणि एक अक्षर काढलं. ते जरा दूर धरून, डोळे बारीक करून, तुळजाबाईंना दिसेल तसं पाहिलं. मनासारखं नव्हतं. त्यानं कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला, पुन्हा ओळी आखल्या आणि ते अक्षर पहिल्यापासून, आणखी मोठं, काढायला घेतलं.