सुकत आहे, हात लावू नये

बोईसरच्या आमच्या कारखान्यात ऑफिसचा पहिला कॉम्प्युटर आला, त्या दिवशी साहेबांनी पूजेसाठी नारळ आणला होता. तो फुटायच्या आत मोरेश्वर पागधरे यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याचं सगळं पोट टेबलावर मांडलं. मी हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी. कुंकू लावायचं कशाला, तेच कळेना.

"आदी आतून बगू," पागधरे शांतपणे म्हणाले. "तयार माल मना चालत नाय."

मी पगारपत्रकं करणारी साधी कारकून. धक्के सोसायची माझी प्रकृती नाही, आणि नशिबाने टेबल मिळालं ते या माणसाच्या शेजारी.

पागधरे मूळचे सातपाटीचे, कोळ्याच्या घरातले. वडिलांची होडी होती, पण यांना बोट लागायची. म्हणून कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले आणि कॉम्प्युटर आल्यावर त्याचेही वैद्य झाले. नवी चप्पल घेतली तर आधी उसवून, पुन्हा स्वतः शिवून मग घालायचे. एकदा माझ्या डब्यातलं थालीपीठ त्यांना दिलं, तर त्यांनी त्याचे तुकडे तुकडे करून प्रत्येक धान्य ओळखलं आणि मग म्हणाले, "धने जास्त झाले." मी अवाक! थालीपीठ माझ्या सासूबाईंनी लावलं होतं, आणि त्यांना हे सांगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

मग त्यांनी ते नवं खूळ काढलं. एका कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतो, तिथून चालवताही येतो, असा एक प्रोग्रॅम त्यांना कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर सापडला. साहेबांना त्यांनी पटवलं की प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर ऑफिसात बसून बघता येईल, उन्हातून हेलपाटे नकोत. साहेब खूश. मीही खूश. पण तयार प्रोग्रॅम घालतील तर ते पागधरे कसले?

"मॅडम, हा तयार हाय तो जुन्या मशिनीवर चालत नाय. लय जड. ह्याचा सोर्स हाय माज्याकडं. नको ते काडून टाकतो आणि घरचा बनवतो."

सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर. आपण गहू निवडून गिरणीत द्यावेत तसा तो निवडून कॉम्प्युटरला द्यायचा, आणि कॉम्प्युटर त्याचं पीठ करून देतो. याला कंपाइल करणं म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. ते मात्र 'सुकवणं' म्हणायचे. ऐन पगाराच्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरवर पुठ्ठ्याची पाटी लटकली: 'सुकत आहे, हात लावू नये.'

"अहो पागधरे, माणसांचे पगार व्हायचेत!"

"अर्दा सुकलेला बोंबील काडला तर किडे पडतात, मॅडम."

मी नाकाला पदर लावला. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो, आणि इथे माझ्या पगारपत्रकात बोंबील. ते सुकत घातलेलं मध्येच कुठेतरी अडकायचं, पडद्यावर चुकांची रांग लागायची. पागधरे त्यातली पहिली चूक तेवढी दुरुस्त करायचे आणि पाटी पुन्हा लटकवायचे. शेवटी एकदाचा प्रोग्रॅम झाला. मी सुटकेचा निःश्वास टाकते आहे, तोवर पॅकिंग सुरू! सगळं फ्लॉप्यांवर भरायचं, आणि दुसऱ्या मशिनीवर ते असं उतरलं पाहिजे की पडद्यावर माशाचं एकच चित्र यावं, ते दाबलं की सगळं आपोआप जोडलं जावं.

"प्रयोगशाळेतल्या लोकांना मासा कशाला? ती शिकलेली माणसं आहेत," मी म्हटलं.

"वाचायला काय लागू नये," एवढंच म्हणून त्यांनी फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या.

प्रयोगशाळेचं काम झालं, साहेबांनी पाठ थोपटली. मी पाटी फेकून दिली आणि विषय संपला, असं समजले.

एका संध्याकाळी मी पगाराचे आकडे भरत होते. माऊसवरून हात काढून चष्मा पुसला. पुन्हा घातला, तर पडद्यावरचा बाण चालत होता. आपोआप! तो डुलत डुलत कोपऱ्यात गेला, त्याने चित्रं काढायचं पान उघडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत एक पापलेट काढलं. डोळा, कल्ले, शेपटी, सगळं.

मी जी किंकाळी फोडली, ती पॅकिंग खात्यापर्यंत गेली म्हणे. साहेब धावत आले. पागधरेही आले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघून चक्क हसले.

"भूत नाय मॅडम. आमची बाय हाय ती."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. भंगारातले भाग जोडून त्यांनी सातपाटीला घरी एक कॉम्प्युटर उभा केला होता आणि टेलिफोनवरून तो माझ्या कॉम्प्युटरला जोडला होता, कारण फॅक्सची लाइन माझ्याच टेबलावर होती.

"म्हणजे सगळ्या कारखान्याचे पगार तुमच्या घरी दिसतात?" मला घेरी यायची बाकी होती.

"दिसतात. पण बायला वाचता येत नाय."

"म्हणूनच दुपारपासून फॅक्स येत नाहीत," साहेब लाल झाले होते. "काढा ते. आत्ताच्या आत्ता."

पागधरे पुढे वाकले. माऊस घेऊन त्यांनी पापलेटाशेजारी एक ताट काढलं, अगदी गोल, एकच. मग आमच्याकडे न बघता सांगू लागले. बाय जन्मापासून मुकी-बहिरी. आई गेल्यावर यांना तिनंच वाढवलं. फोन तिला उपयोगाचा नाही, चिठ्ठी वाचता येत नाही. वडील होडीवर असायचे तेव्हापासून तिची सवय, घरचा माणूस परतल्याशिवाय घास घ्यायचा नाही. यांना कधी अचानक डबल शिफ्ट लागली, की ती उपाशी एसटीच्या थांब्यावर उभी राहायची. एकदा तिथेच चक्कर येऊन पडली.

"ती मासा काडते म्हंजे जेवन तयार, येतो काय? मी एक ताट काडलं म्हंजे येत नाय, तू जेव. आज डबल शिफ्ट हाय. जेवली की ती ताट पुसते. तवर मना काय सुचत नाय."

आम्ही तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिलो. खूप वेळाने बाण हलला आणि ताट हळूहळू पुसलं गेलं. पागधऱ्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

साहेब दारापर्यंत गेले, मागे वळले. "पगाराच्या मशीनवर नको. तिच्यासाठी इथे एक जुनं, वेगळं मशीन लावा. आणि फॅक्स बंद झाल्यावर जोडत जा."

ते वेगळं मशीन अर्थात माझ्याच टेबलाच्या टोकाला आलं.

पुढे एकदा बॉयलरचं पॅनल जळलं आणि पागधरे दुरुस्तीत अडकले. ऑफिस सुटलं, तरी मी घुटमळत होते. मशीनवर पापलेट उमटलं. ताट काढायला कुणी नव्हतं. मला चित्रकलेत शाळेपासून काठावर मार्क, पण तिकडे ती थांब्यावर जाऊन उभी राहील, या विचाराने मला राहवेना. मी माऊस धरला आणि एक ताट काढलं. ते बटाट्यासारखं झालं.

बाण येऊन माझ्या ताटाभोवती फिरला. थांबला. हे भावाचं ताट नव्हे, हे तिला कळलं असणार. मग तिनं शेजारी आपलं एक ताट काढलं. पापलेट आडवं चिरलं, लहान तुकडा स्वतःच्या ताटात ठेवला आणि मोठा माझ्या. आणि ती थांबून राहिली.

मी आयुष्यात मासा खाल्लेला नाही. मला वाटतं, मी थोडी रडलेही. मग पुसायचं रबर घेतलं आणि माझ्या ताटातला तो मासा शेपटीसकट संपवला.

तेव्हा कुठे तिनं आपलं ताट पुसायला घेतलं.