बुदैयातली खंडेनवमी

खंडेनवमीला नवऱ्याच्या यंत्राची पूजा करायची, एवढंच मथुराने ठरवलं होतं. ह्यात कोणाचं काही बिघडेल असं तिला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी तिने पूजा केलीच असती. (मथुराने ठरवलेलं देवसुद्धा बदलत नाही. नवऱ्याचं तर नावच नको.)

बहारीनहून सौदीला जायला समुद्रावर पूल बांधत होते, त्या सालातली ही गोष्ट. तिथल्या बुदैया गावात लतीफसाहेबांच्या बंगल्यावर मथुरा स्वयंपाकाला होती आणि तिचा नवरा बाळाजी साहेबांच्या बंदुका सांभाळायला. साहेबांना नेमबाजीचं वेड. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नाही, यंत्राच्या साच्यात दाबून परत मापात आणायची, नव्याने भरायची. हे काम बाळाजीचं. माणूस मूळचा देवगडात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, पण केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. दोन वर्षांत त्याचं एकही काडतूस बंदुकीत अडलं नव्हतं. मथुरा हे भेटेल त्याला ऐकवायची. मासळीवाल्याला तर दर आठवड्याला.

तर खंडेनवमीला तिने यंत्राचा वरचा साचा फिरवून काढला, चिंचेने घासून लखलखीत केला, ओलं कुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या, झेंडू नव्हता म्हणून बोगनवेल वाहिली. आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण लावावं तसा साचा आपल्या हाताने परत घट्ट बसवला. बाळाजी सामान आणायला मनामा शहरात गेला होता. आल्यावर त्याने नमस्कार केला आणि कामाला लागला.

गुरुवारी दुपारी साहेबांनी बाळाजीची नवी काडतुसं बंदुकीत घालून बघितली. काडतूस आत जाई, पण बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, बंद होईना. दुसरं घेतलं, तेच. दहावं घेतलं, तेच.

"बालाजी! कल सुबह मॅच है!" साहेब लाल झाले. "मेरा साला देखेगा, हँसेगा! शाम तक पचास नहीं बना, तो खलास. वो अंग्रेज कारीगर आएगा, तुम देवगड जाएगा."

हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकल्याबरोबर मथुरा हातात झारा घेऊन बाहेर आली.

"ओ साहेब! आमच्या ह्यांच्या हाताला नावं ठेवता? बंदूकच वाकडी असेल तुमची! जमालुद्दीन, सांग त्यांना अरबीत!"

ड्रायव्हर जमालुद्दीन रत्नागिरीचा. तो साहेबांशी दोन वाक्यं बोलला. साहेबांनी मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, वैनींनी मासे तळलेत."

"मेल्या!"

 बाळाजीने कारखान्यातून आलेलं विकतचं काडतूस घातलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला.

"बंदूक बरी आहे," तो म्हणाला.

"मग दारू खराब असेल!"

"अगं, दारू पोटात असते. ती बाहेरून कशी अडेल?"

"मग यंत्राला हात लावलाय कोणीतरी! ज्याने लावला त्याचे हात तोडले पाहिजेत!" मथुराने झारा जमालुद्दीनवर रोखला. तो दोन पावलं मागे सरला.

"मथुरा, तुझी काजळाची डबी आण."

"आत्ता? चार माणसांत?" पण ती गेली, आणि येताना पदर नीट करून आली.

बाळाजीने त्याच यंत्रातून काढलेली, दारू न भरलेली एक पुंगळी घेतली, तिला सगळीकडून काजळ फासलं, हलकेच बंदुकीत सारली आणि बाहेर काढली. सगळीकडे काळी, फक्त जिथे निमुळती होते तिथे पितळ चमकत होतं.

"इथे घासतेय. साचा पुरता खाली बसलेला नाही, म्हणून पुंगळीचा खांदा वर राहिलाय."

मथुराची छाती फुगली. "बघा! डॉक्टरला एक्स-रे लागतो. आमच्या ह्यांना बोटभर काजळ!"

बाळाजीने साचा फिरवून काढला. त्याच्या कड्याखाली, चपटा होऊन, कुंकवात वाळून खडा झालेला तांदळाचा एक दाणा होता.

साहेबांनी चष्मा लावला. "चावल?"

जमालुद्दीनने मथुराकडे बघितलं. मथुरा इथून देवगड दिसतं का बघावं तशी लांब बघत राहिली.

"किसने किया?"

"मीच, साहेब," बाळाजी म्हणाला. "मैं साफ करना भूल गया. शाम तक पचास देतो."

आणि दिली. ती पन्नासही शुक्रवारी लोण्यासारखी आत गेली, मेव्हणा दुसरा आला, आणि साहेब सगळ्यांना बाळाजीचा हात धरून दाखवत होते.

मथुरा दोन दिवस गप्प होती. (बंगल्यावरच्या माणसांना वाटलं, ताप आला.) तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अहो, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"हात तोडायची भाषा तूच केली होतीस. मग भाकऱ्या कोणी थापल्या असत्या?"

असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, हे तिने त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या खंडेनवमीला यंत्राच्या खोलीला कुलूप होतं. दाराशी बाळाजीने पाटावर प्रेशर कुकर मांडून ठेवला होता. "तुझं हत्यार हे. ह्याला घाल काय घालायच्या त्या अक्षता."

मथुराने नाक मुरडलं, पण पूजा केली, मूठभर अक्षता टाकून.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे पाहुणे यायच्या वेळेला कुकरचं झाकण बसेना. मथुराने फिरवलं, दाबलं, शिव्या दिल्या. मग दारातून डोकावून बाळाजी आसपास नाही ह्याची खात्री केली, आणि गुपचूप काजळाची डबी काढली.