पाठ कुणाची?

लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं, की आमचा गणपा वळतो आणि कॅमेऱ्याकडं पाठ करतो. फोटोवाला ओरडतो, "आजोबा, इकडं बघा की!" गणपा मानसुद्धा न वळवता सांगतो, "तोंड काय, कुणालाबी असतंय. पाठ बोलाय पायजे." आमच्या गल्लीतल्या निम्म्या लग्नांच्या अल्बमात त्याची नुसती पाठ आहे.

कोल्हापुरात सिनेमाचे स्टुडिओ जोरात होते तेव्हा आम्ही दोघं गर्दीत उभं राहायला जायचो. कधी मावळे, कधी बाजारातली माणसं. सगळ्यांना एकसारखे फेटे. चकचकीत पत्र्यावरून ऊन अंगावर टाकायचे, आणि घरी शिळी भाकरी खाणारा गडी घटकाभर राजबिंडा दिसायचा. नायिका मोटारीतून उतरली की अत्तराचा वास पार फाटकापर्यंत. आता तिथं फ्लॅट झालेत. गणपा तिथून जाताना अजून चप्पल काढून हातात घेतो.

त्यातल्या एका सिनेमात पाणवठा आहे. फेटेवाला गडी पाठमोरा उभा, हात मागं बांधलेले. समोरून एक पोरगी घागर घेऊन येते आणि हसते. ती उचगावची सुशीला. तिथंच गणपाचं तिच्याशी जुळलं, पुढं लग्न झालं.

गणपा म्हणायचा, ती पाठ माझी. मी म्हणायचो, माझी. चाळीस वर्षं आम्ही भांडलो.

"तुझी पाठ म्हशीगत हाय," तो म्हणायचा.

"आणि तुझी? वाळत घातलेल्या सदऱ्यागत!"

सुशीलावहिनीला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून आत पळायची. ती जाऊन पाच वर्षं झाली. भांडण राहिलं. मी काही हटणारा नव्हे. खरं ते खरं.

टीव्हीवर तो पाणवठा डोळा लवेपर्यंत निघून जायचा. परवा गणपाच्या सुनेनं मोबाईलवर सिनेमा काढला, नेमका तिथं थांबवला आणि बोटांनी मोठा केला. मागं बांधलेल्या हाताची करंगळी अर्धीच होती. माझी करंगळी लहानपणी उसाच्या चरकात गेली. मी हात त्याच्या नाकापुढं नाचवला. "बघ लेका! डोळं फाडून बघ!"

गणपा बराच वेळ बघत बसला. मग बारीक आवाजात म्हणाला, "मग ती तुझ्याकडं बघून हसली व्हय?"

माझा हात खाली आला. एवढी वर्षं मी समजत होतो, भांडण पाठीचं आहे.

"न्हाय गड्या," मी म्हणालो. "माझं तोंड तिच्याकडं हुतं, म्या बघितलंय. माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघत हुती ती. तू कॅमेऱ्याच्या मागं फेटा बांधत बसलावतास. तुझा फेटा सारखा सुटत हुता."

"खरं?"

"म्या कवा खोटं बोललोय?"

आणि ते खरंच होतं. पाठ जिंकायच्या नादात मी ते कधी तोंडातून काढलंच नव्हतं.

गणपानं धोतराच्या सोग्यानं मोबाईलची काच पुसली. पुन्हा पुसली. तिच्या तोंडावर बोट लागू नये म्हणून कडेनं धरला.

"हे तू आदी का सांगितलं न्हाईस रं?" तो म्हणाला. "तिला इचारलं असतं की."