वाघजाळीचं तळं थांबलं आहे

जयंतराव शेजवळ तेवीस वर्षांपूर्वी ज्या तळ्याला "येताना थांबू" म्हणाले होते, ते तळं अजून थांबलेलंच होतं, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीने त्यांना तशी नोटीस पाठवली. तळं वाघजाळीचं. वेळ संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. पंधरा दिवसांत समक्ष येऊन थांबावे, असं खाली लिहिलं होतं.

तसं पाहिलं तर ते तळ्याला काही म्हणालेच नव्हते. बायकोला म्हणाले होते. पण कायदा असल्या बारकाव्यात शिरत नाही.

त्या दिवशी दोघं पुण्याहून मंगळवेढ्याला भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी होता, तरी जयंतरावांना घाई होती. वेळेआधी पोचणं ही त्यांची खोडच. मध्ये एकच चहा, तोही उभ्याने, हे ते परक्या माणसालाही कौतुकाने सांगत. माळावरून जाताना डाव्या हाताला तळं दिसलं आणि कुमुद म्हणाली, "अहो, थांबा ना जरा." ते म्हणाले, "येताना थांबू." येताना भाच्याने नवा बायपास सुचवला. वीस मिनिटं वाचली आणि तळं राहून गेलं.

त्यानंतर कुमुद प्रवासात "थांबा ना" म्हणायची बंद झाली. खिडकीतून बघायची, पण बोलायची नाही. हे जयंतरावांच्या ध्यानात यायला निवृत्ती उजाडावी लागली, आणि आलं तेव्हा मात्र जिवाला फार लागलं. म्हणून नोटीस वाचून ते घाबरले नाहीत, उलट त्यांना हुरूप आला. एकदा तळं दाखवलं की ती पुन्हा म्हणेल, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांना ते दोन शब्द परत ऐकायचे होते.

पहाटे निघून दहाच्या सुमारास ते कचेरीत पोचले. थांबलेल्या जागांचं टेबल ढोबळेबाईंकडे होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि फॉर्म पुढे ओढला.

"थांबायला कोण म्हणालं होतं?"

"मी," कुमुद म्हणाली.

"किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा हळू."

जयंतरावांना एकदाच आठवत होतं.

"परत गेलात बायपासने. वीस मिनिटं वाचली, असं दिसतंय. त्या वीस मिनिटांचं काय केलंत?"

जयंतरावांनी डोक्याला खूप ताण दिला. घरी पोचून कपडे बदलले असतील, शिळा पेपर चाळला असेल. "आठवत नाही," ते म्हणाले.

"आठवत नाही," बाईंनी लिहून घेतलं. "बहुतेकांचं तेच असतं." मग रजिस्टरचं पान उलटून त्या म्हणाल्या, "यांचा आधी एक अर्ज आहे. चार वर्षांपूर्वी. एसटीने आल्या होत्या, एकट्या. नामंजूर झाला होता."

जयंतरावांनी बायकोकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी ती दोन दिवस माहेरी गेली होती, असं त्यांना वाटत होतं.

"नियमच आहे तसा," ढोबळेबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "जो 'येताना थांबू' म्हणाला, त्यानेच थांबावं लागतं. दुसऱ्याने येऊन उपयोग नाही. यांना नुसतं धुकं दिसलं असणार."

"धुकंच होतं," कुमुद म्हणाली. "मी डबा खाल्ला आणि परत आले."

बाई जीपने पुढे आणि ही दोघं मागे, असे सगळे माळावर गेले. अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. रस्त्याच्या डाव्या हाताला मात्र पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथलं ऊन तिरपं, पिवळं. पाण्यावरून उठलेले चक्रवाक हवेत तसेच होते. काठावर मेंढरं पाण्याला तोंड लावून थांबली होती आणि त्यांच्यामागे घोंगडी पांघरलेला एक धनगर काठी टेकून उभा होता. गावकरी तेवीस वर्षं या सगळ्याला वळसा घालून जात होते.

"तुम्ही बघायला लागलात की घड्याळ चालू होईल," बाई म्हणाल्या. "बघा हवं तितकं. तुमचं झालं की तळ्याला त्याची राहिलेली वर्षं लावून द्यावी लागतील."

जयंतरावांनी गाडी थांबवली. किल्ली काढून खिशात ठेवली, म्हणजे घाई नाही हे तिला दिसावं. कुमुद उतरली आणि तिने तळ्याकडे पाहिलं.

चक्रवाक पंख मारत वर गेले. मेंढरं पाणी प्यायली. धनगराने मान वळवली.

"आलासा व्हय पावनं," तो म्हणाला. त्याचं नाव बिरू कोळेकर, असं फॉर्मवर होतं.

"माझ्यामुळे फार खोळंबा झाला तुमचा," जयंतराव म्हणाले. त्यांना मान वर करवेना.

"असू द्या. तुमास्नी घाई असंल."

कुमुदने चार मिनिटं तळं पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "झालं. चला."

"अगं, अजून बघ ना. तास बघ, दोन तास बघ."

"छान आहे हो," ती म्हणाली. रागाने नाही, समजूत काढल्यासारखं. "पण मला तेव्हा हवं होतं. आणि या माणसाला घरी जायचंय."

ढोबळेबाईंनी शिक्का मारला. तळ्यावरचा सूर्य अकरा वाजून वीस मिनिटांनी मावळला. मग राहिलेली वर्षं लागली. पाणी आटलं, गाळाला भेगा पडल्या, वेडी बाभूळ माजली आणि वर सगळीकडचं ऊन आलं. बांधावर पांढऱ्या केसांची एक बाई येऊन उभी होती. बिरू तिच्याकडे चालत गेला. त्याचे केस काळेच होते.

"लई उशीर केलासा," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला, आणि दोघं मेंढरं घेऊन गेली. जयंतराव ती दिसेनाशी होईपर्यंत उन्हात उभे राहिले. आपण काय करून बसलो, हे त्यांना आज नीट कळत होतं.

परतताना बायपास टाळून ते त्याच रस्त्याने निघाले. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे गेले, त्यांना जाऊ दिलं. वडाची रांग आली, ओढा आला, टेकडीवरची खंडोबाची दीपमाळ आली. दर वेळी ते कुमुदकडे बघत. ती बाहेर बघत होती, पण काही म्हणत नव्हती.

चौऱ्याहत्तर किलोमीटरच्या दगडाशी करडईचं शेत लागलं. पार क्षितिजापर्यंत केशरी फुलं, वाऱ्यावर हलणारी. जयंतरावांनी वेग आणखी कमी केला. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला कुठे थांबावंसं वाटलं नव्हतं.

"थांबू या का जरा?" त्यांनी विचारलं. कुमुदने डोकं सीटला टेकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा हळू.

"नको, उगाच उशीर होईल," कुमुद म्हणाली. "येताना थांबू."

"अगं, आपण येतानाच आहोत."

पण तिचे डोळे मिटले होते. पहाटेपासूनची दगदग होती.

जयंतरावांनी आरशात पाहिलं. मागे करडईचं शेत हलायचं थांबलं होतं. आता ते गाडी वळवून गेले असते तरी त्यांना धुकंच दिसलं असतं. नोटीस कुमुदच्या नावाने येणार होती, आणि ती यायला किती वर्षं लागतात हे त्यांना माहीत होतं.