मेमसाबचे दफेदार

दफेदारचाचांनी "तब्येत कशी आहे?" असं विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करायची नाही, हे मला दिघीत मास्तर म्हणून आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं. मी शाळेच्या पायरीवर उभा राहून, बरी आहे, पण जरा पडसं झालंय, असं सविस्तर सांगून टाकलं. चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि शेजारच्या घोडीच्या पोटाला कान लावला. प्रश्न तिला होता.

घोडी विलायतेत जन्मलेली, मुंबईच्या शर्यतींत धावलेली. तिचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते गावात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून चाचा तिला मेमसाब म्हणत. रोज सकाळी दोघं खाडीपर्यंत फिरायला निघत. लगाम धरून चाचा पुढे, मेमसाब मागे. पावसात छत्री मेमसाबच्या डोक्यावर आणि चाचा चिंब. घोडी आहे तर वर बसत का नाही, असं धक्क्यावरच्या खलाशांनी विचारलं, की चाचांचं उत्तर ठरलेलं असे. "धावायचं तेवढं ती धावली हाय. आता चालायची पाळी माझी."

दिघीतला प्रत्येक मुलगा मिसरूड फुटायच्या आत गलबतावर चढतो. चाचांचे वालिद तर गलबताचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. पण चाचांना नांगरलेल्या होडीत बसलं तरी ओकारी येई. शेवटी ते घरातून पळाले आणि घोडा जमिनीवर चालतो एवढ्या एकाच कारणासाठी घोडदळाच्या रिसाल्यात भरती झाले. पुढे महायुद्ध लागलं आणि सरकारने अख्खा रिसाला घोड्यांसकट बोटीत घालून बसऱ्याला धाडला. नशिबातला समुद्र काही चुकला नाही. त्या प्रवासात आपल्यापेक्षा घोड्यांनी जास्त धीर दाखवला, असं ते प्रांजळपणे कबूल करत.

लढाई संपल्यावर सरकारने दोन रिसाले मोडून त्यांचा एक केला आणि त्याला नवा नंबर दिला. याचा चाचांना असा राग आला, जणू कुणी त्यांचं आडनावच बदललं होतं. ते फौजेतली दफेदारी, म्हणजे हवालदारकी, सोडून मुंबईला एका शेटच्या तबेल्यात लागले. तिथे शर्यतीत मेमसाबच्या पुढच्या पायाची शीर दुखावली आणि शेटने तिला गोळी घालायचं ठरवलं. चाचांनी नोकरी सोडली आणि निरोपाची भेट म्हणून घोडी मागून घेतली. मुंबईहून बोटीने सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी गावात असतो. चाचा पनवेल, पेण, माणगाव करत, लंगड्या घोडीच्या चालीने अकरा दिवसांनी पोचले.

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती इतिहासामुळे. मोडलेल्या रिसाल्याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि गावात लिहिणारा मी एकटा. रोज शाळा सुटली की ते सांगत, मी लिहून घेई. दोन वह्या भरल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या इतिहासात माणसंच नाहीत. कुठला घोडा कुणाशेजारी बांधला तर लाथा मारी, कुणाला हरभरा सोसत नसे, कुणी रिसालदारसाहेबांची टोपी खाल्ली, सगळं बारीकसारीक होतं. एका मोठ्या लढाईचं नाव आलं म्हणून मी सरसावून बसलो, तर चाचा म्हणाले, त्या दिवशी बिजलीला पोटशूळ होता, ते आधी लिहा. एकदा मी सहज विचारलं, की तुमचा स्वतःचा घोडा कोणता? चाचांना तेवढ्यात मेमसाबला पाणी दाखवायची आठवण झाली आणि ते उठून गेले.

माझं लग्न म्हसळ्याच्या मुलीशी ठरलं, तेव्हा चाचा आपण होऊन घरी आले. "मास्तर, तुम्ही आमचा रिसाला लिवला. म्हसळ्याच्या वेशीपासून मांडवापर्यंत तुम्ही मेमसाबवर बसायचं. न्हाय म्हणू नका." ज्या पाठीवर ते स्वतः कधी बसले नाहीत ती पाठ त्यांनी मला देऊ केली होती. मला इतकं भरून आलं, की मी जन्मात घोड्यावर बसलेलो नाही हे सांगायचं राहूनच गेलं.

आमच्याकडे वेशीवर नवऱ्याची वाट अडवतात. नवरीच्या बहिणी रस्त्यात आडवं उपरणं धरतात, नवऱ्याने उखाणा घेतला की ते वर उचलतात आणि वाट मोकळी होते. मी मुंडावळ्या सावरत मेमसाबवर बसलो होतो. चाचा लगाम धरून उभे होते. समोर ताणून धरलेलं उपरणं आणि दोन्ही बाजूंना गर्दी. मी उखाणा घेतला, हशा पिकला, वाजंत्री वाजली आणि उपरणं वर गेलं.

शर्यतीच्या मैदानावर घोड्यांपुढे अशीच आडवी पट्टी धरतात आणि ती वर गेली की शर्यत सुटते, हे त्या क्षणी तिथे फक्त दोघांना माहीत होतं. चाचांना ते आठवेपर्यंत मेमसाब सुटली होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मांडव आला आणि गेला. दारात आरतीचं तबक घेतलेल्या सासूबाई दिसल्या. मुंबईच्या मैदानावर घोडे उजवीकडे वळतात म्हणून मेमसाब प्रत्येक कोपऱ्यावर उजवीकडे वळली, त्यामुळे तळ्याला वळसा घालून आम्ही पुन्हा मांडवापुढे आलो. सासूबाई तबक घेऊन पुढे झाल्या, पण थांबणं माझ्या हाती नव्हतं. सासरच्या मंडळींनी जावई पाहिला तो असा, दोनदा, आणि दोन्ही वेळा पाठमोरा. तिसऱ्या फेरीला चाचा हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मेमसाब थेट त्यांच्या छातीपाशी येऊन थांबली आणि मी घसरत खाली आलो.

लोक हसत होते. मीही हसणार होतो, पण मेमसाबने पूर्वी दुखावलेला तोच पाय वर धरला होता. टेकवायला गेली की ती थरथरे. नवरीचे मामा शिकारी होते. त्यांनी पाय पाहिला, मान हलवली, आणि मुक्या जिवाचे हाल नकोत म्हणून घरातून बंदूक आणली. माणूस वाईट नव्हता. चाचांनी ती मुकाट्याने आपल्या हातात घेतली.

"कायदा बरोबर हाय," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "रिसाल्यात घोडा पायातून गेला, की ज्याचा घोडा त्यानंच गोळी घालायची. माझ्या सिकंदरला मीच घातली. चार दिवसांनी दुसरा घोडा तसाच लंगडला. त्याला सालोतऱ्यानं बरा केला."

सालोतरी म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. दोन वह्यांत जो घोडा आला नव्हता तो हा. त्यांनी बंदूक उचलली, तेव्हा मांडवातून आवाज आला, "चाचा, थांबा."

पिवळी साडी नेसलेली, कपाळाला मुंडावळ्या बांधलेली मुलगी बाहेर आली होती. तीच माझी नवरी, यमुना. अंतरपाटाआधी नवरीने असं समोर येणं त्या काळी भलतंच होतं, भटजी तर डोळे मिटून उभे राहिले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "मुहूर्ताला अजून अर्धी घटका आहे," ती म्हणाली. "हळदीचं पातेलं आणा. कढत पाणी आणा. आमच्या गाईचा पाय असाच गेला होता."

मामांनी बंदूक परत घेतली. नवरीच्या हळदीतली उरलेली सगळी हळद चुना घालून गरम केली आणि मेमसाबच्या पायावर थापली. यमुनाने स्वतःचं एक जुनं लुगडं फाडून वर बांधलं आणि मग ती बोहल्यावर उभी राहिली. आमच्या लग्नात नवऱ्यापेक्षा जास्त हळद घोडीला लागली, असं म्हसळ्यात पुढे कितीतरी वर्षं सांगत.

चाचा मांडवात जेवायला आले नाहीत. त्यांचं पान गोठ्यातच पोचवलं. पंधरा दिवस ते माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यात मेमसाबपाशी राहिले.

सोळाव्या दिवशी मी आणि यमुना त्यांना भेटायला गेलो. मेमसाब चारही पायांवर उभी होती आणि नाचणीची भाकरी खात होती. चाचा तिच्या पायाशी बसले होते. त्यांनी तब्येत विचारली नाही. यमुनेकडे पाहून म्हणाले, "बेटी, एक विचारू? थोडं थांबलो असतो, तर माझा सिकंदर पण उभा राह्यला असता, न्हाय?"

मी मान खाली घातली. दहा वर्षं हा माणूस हा एक प्रश्न घेऊन एकटा चालत होता आणि त्याचं खरं उत्तर तिघांनाही ठाऊक होतं.

यमुना त्यांच्यासमोर बसली. "नसता राहिला, चाचा," ती म्हणाली. "तिथे हळद कुठली मिळायला?"

चाचा कितीतरी वेळ मान डोलवत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "मास्तर, वही आणली हाय का?"

आयुष्यभर मी मुलांना खरं बोला असं शिकवलं. पण त्या एका खोट्यासाठी मी माझ्या बायकोचा ऋणी आहे.